साबुदाण्याशिवायचा उपवास

उस्मानपुऱ्यात आमच्या शेजारच्या काकूंचं आणि आईचं चांगलं गूळपीठ होतं. भिंतीवरून साखर-चहापत्तीच्या वाट्यांची ये-जा दिवसभर चालायची. एकच गोष्ट आईला खुपायची. नाताळात ती करंज्या-चकल्यांचं ताट पाठवायची. काकू ते हसून घ्यायच्या, त्यांची मुलं फडशा पाडायची, पण त्या स्वतः कणही तोंडात टाकत नसत. मला कुणाच्याच घरचं चालत नाही, असं त्या म्हणायच्या. आम्हा ख्रिस्ती लोकांना अशा वाक्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. आई म्हणायची, "एकदा तरी त्यांनी माझ्या हातचं जेवावं." आणि मला काकूंचा भयंकर राग यायचा.

मी कॉलेजात असताना चर्चच्या तरुण संघाने उपवास ठरवला. जगात किती माणसं उपाशी झोपतात याची आपल्याला आणि लोकांना जाणीव व्हावी, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत फक्त पाणी. घरी मी हे तोऱ्यात सांगितलं. वडील म्हणाले, "बघा हं, नाहीतर एकादशी अन् दुप्पट खाशी!" मी फणकारून उठून गेले.

रविवारी उपासना झाल्यावर आम्ही फलक घेऊन चर्चच्या आवारात लिंबाखाली बसलो. दुपारपर्यंत सगळ्यांचे चेहरे सुकले. गाणं सुरू व्हायचं आणि दुसऱ्या कडव्यात विरायचं. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. त्यातून काकू उतरल्या आणि पाठोपाठ एक भलंमोठं पातेलं उतरलं. आमच्या उपवासाचं त्यांना आईकडून कळलं होतं, आणि उपवास म्हटल्यावर त्यांच्या घरात जे होतं तेच त्यांनी केलं होतं. साबुदाण्याची खिचडी! झाकण निघालं आणि अख्ख्या तरुण संघाच्या माना तिकडे वळल्या.

"काकू, आम्हाला हे चालत नाही," मी म्हणाले.

"का गं? कोथिंबीर नाही घातली मी."

"तसं नाही. काहीच खायचं नाही. ज्यांना खायलाच मिळत नाही, त्यांच्यासाठी आहे हा उपवास."

काकूंनी पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "मग त्यांनाच देऊ की. चल, बस रिक्षात."

आम्ही सरकारी घाटी दवाखान्यात गेलो. पेशंटांचे नातेवाईक झाडाखाली पथाऱ्या टाकून बसले होते. काकू वाढत सुटल्या. कन्नड तालुक्यातली एक म्हातारी म्हणाली, "लई ग्वाड लागलं, माय. कालपासून निस्त्या च्यावर हाय मी." काकूंनी तिला पुन्हा वाढलं. चर्चशी परत आल्यावर त्या म्हणाल्या, "स्वयंपाकाच्या नादात माझ्याही पोटात सकाळपासून काही नाही. आता तुमच्याबरोबरच सोडते." आणि आमच्यात येऊन बसल्या. उपवासाचा सराव आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त. आम्ही माना टाकल्या होत्या आणि त्या ताठ बसून आमची गाणी ऐकत होत्या. माझा राग कधी निवळला, मला कळलंही नाही.

संध्याकाळी पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. आवारातच आईने आणि इतर बायकांनी वरण-भात रांधला होता. सतरंज्यांवर पंगत बसली. काकूही बसल्या. आई भाताचं पातेलं घेऊन वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आली आणि थांबली. त्यांच्यासाठी तिने आधीच केळी मागवून ठेवली होती. ती तिने हळूच त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"वहिनी, केळी पोरांना द्या," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पत्रावळ पुढे ओढली. "मला भात वाढा."

आई वाढतच राहिली. काकू "पुरे, पुरे" म्हणत होत्या, तिला ऐकूच येत नव्हतं. पत्रावळीवर ढीग झाला. एवढं जेवण त्या बाईच्याने जाणं शक्य नव्हतं. पण पंगत उठली तरी काकू एकट्या जेवत बसल्या, आणि त्यांनी एक शीतही टाकलं नाही.