काळे प्लग

अथाल गावाच्या रस्त्याला माझं गॅरेज. झुंबर मेकॅनिक कुठं, विचारा, कोणीही दाखवेल. निदान पूर्वी दाखवायचे. आता गाडीला कॉम्प्युटर लावून दोष शोधतात, कार्बोरेटर उघडायला माझ्याकडे कोण मरायला येतो? एक प्रमोद साहेब यायचे, त्यांची जुनी गाडी घेऊन. मूळ नाशिकचे, इथल्या धाग्याच्या कंपनीत मॅनेजर होते. रिटायर झाले, बायको सुजाता वारली, एकटे पडले. मी तरी काय? माझी माणसं शिरपूरला, मी शटरमागच्या खोलीत. साहेब आले की मुद्दाम भांडण काढायचो. तेवढंच बोलणं.

"झुंबर, गाडी परत मिसिंग मारतेय रे, अडखळत चालते."

"मारणारच! म्हातारी झाली ती, तुमच्यासारखी. बसा."

प्लग काढावेत तर काळेकुट्ट. म्हणजे पेट्रोल जादा जातंय. कार्बोरेटर खोलायचो, जेट फुंकायचो, फ्लोट बघायचो, स्क्रू हळूहळू फिरवत कानानं आवाज लावायचो. गाडी सुतासारखी सरळ व्हायची. आणि थोड्या दिवसांनी साहेब पुन्हा दारात, मागं काळा धूर. आयला, डोकंच फिरायचं! पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

मग एकदा साहेब आले ते बसलेच नाहीत. "पुण्याहून गौरव येतोय," म्हणाले. गौरव त्यांचा मुलगा. "म्हणतो, गाडी रस्त्यात बंद पडते आणि तुम्ही एकटे. आता बिघडली तर सरळ भंगारात." बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. "ही गेली तर मी जाऊ कुठं रे? दिवसभर भिंती बघू?"

मला गलबलून आलं. म्हटलं, "उद्या तुमच्या घरूनच निघू. मी शेजारी बसतो, वासोण्यापर्यंत जाऊन येऊ. बघतो हिचे नखरे."

दुसऱ्या दिवशी साहेब घराबाहेर आले ते काखेत बाईमाणसाची तपकिरी पर्स घेऊन. पट्टा झिजलेला, पण पर्स गच्च भरलेली. मला बघून ओशाळले. गाडी सुरू केली आणि पर्स डॅशबोर्डखालच्या चोकच्या बटणाला अडकवली.

"सुजाता इथंच अडकवायची. गाडी निघाली की मांडीवर घ्यायची."

"मला कधी दिसली नाही ती!"

"गॅरेजला येताना घरी ठेवतो. तू हसशील म्हणून."

वाटेत रांधा गावाच्या बाजूला खड्डे लागले. खड्डा आला की पर्स हिसका द्यायची आणि ते ढिलं बटण थोडं बाहेर सरकायचं. चोक थंड गाडी उठवायला ओढतात, त्यानं पेट्रोल जादा जातं. गाडी धापा टाकायला लागली, मागं धूर. सापडलं! शिवी अगदी ओठावर आली होती. साहेब पर्सकडे बघत होते. मी गाडी वळवायला सांगितली.

परत आल्यावर सगळं सांगितलं. म्हटलं, "इकडं माझ्या बाजूला हुक मारून देतो, तिथं अडकवा."

"नको. तिथं तिचे गुडघे लागायचे."

मी चोकची वायर काढली, मागं जाड क्लिप बसवली, बटण असं घट्ट केलं की दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय हलणार नाही. पर्स मीच पुन्हा अडकवली. साहेबांनी माझा तेलकट हात बराच वेळ धरून ठेवला.

गौरव आला, गाडी फिरवून बघितली, परत गेला. भंगाराचं नाव नाही.

गाडी आता बिघडतच नाही. साहेब गॅरेजवरून जातात, हॉर्न देतात, मी पाना वर करतो. थांबायला त्यांना कारण नाही आणि थांबवायला मला. मी उगाच रस्त्यापर्यंत जाऊन आवाज ऐकतो. एकसारखा, कुठं अडत नाही. एवढं चोख काम करायला तुला कोणी सांगितलं होतं रे, झुंबर?