कढईतली खळ

देवाची पितळी भांडी अर्धीच घासून झाली होती. समई आणि घंटा लखलखत होत्या, ताम्हण आणि पंचपात्र अजून चिंचेच्या कोळात काळी पडून होती. तेवढ्यात मालतीबाईंच्या नाकात तो वास शिरला आणि त्यांचे हात जागच्या जागी थांबले.

वास स्वयंपाकघरातून येत होता. गरम पाण्यात पांढरं पीठ शिजताना येतो तो, ओलसर, कोंदट. दुसऱ्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नसतं. मालतीबाईंनी मात्र तोंड फिरवलं.

लग्न होऊन त्या धुळ्याकडून डिंडोलीच्या कामगार वस्तीत आल्या, तेव्हा त्यांचे यजमान सुकदेव कडोदऱ्याच्या एका कारखान्यात सुताला खळ लावायच्या खात्यात होते. मक्याचं स्टार्च मोठाल्या टाकीत शिजवायचं, आणि धागा मागावर तुटू नये म्हणून त्यातून सूत ओढून काढायचं. संध्याकाळी माणूस घरी यायचा तो गुडघ्यापासून खाली पुठ्ठ्यासारखा ताठ. ते कपडे बादलीत भिजवले की खळ फुगायची, शेंबडासारखी बुळबुळीत व्हायची, हाताला चिकटून लोंबायची. दुसऱ्या दिवशी आंबायची. खोलीत एकच मोरी. तिथेच ते कपडे, तिथेच जेवणाची भांडी. मुलाच्या, धर्मेंद्रच्या वेळेला दिवस गेले तेव्हा मालतीबाई त्या बादलीवरच ओकायच्या आणि तोंड पुसून पुन्हा धुवायला बसायच्या. पेज, साबुदाण्याची खीर, जे जे म्हणून गुळगुळीत चकाकतं, ते त्या देवाला दाखवायच्या. स्वतः तोंडात घालायच्या नाहीत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तरी काय होतं त्यात?

सून चंचल नवसारीची, हौशी. तिला घरचं चायनीज करायचा भारी नाद. कोबी, सिमला मिरची, फरसबी मोठ्या आचेवर परतायची, सोया सॉस, व्हिनेगर, चवीला गूळ, आणि शेवटी कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून वर ओतायचं, की रस दाट. गुरुवारी सासूसाठी म्हणून कांदा-लसूणही वगळायची. आणि मालतीबाई दर वेळी ताट सरकवायच्या, "आज पोटात जागाच नाही गं."

गेल्या आठवड्यात गच्चीवर कपडे काढताना त्यांच्या कानावर पडलं. चंचल धर्मेंद्रला सांगत होती, "आईंना माझ्या हातची किळस येते. आपण वरच्या खोलीत वेगळा गॅस घेऊ."

त्या दिवसापासून मालतीबाईंचं जपात लक्ष लागेना. एकुलता एक मुलगा, आणि एका वाटीभर रसापायी घरात दोन चुली होणार. आज काही झालं तरी डोळे मिटून खायचं, असं त्यांनी देवासमोर बसून ठरवलं होतं.

हात धुऊन त्या आत गेल्या. गॅसपाशी सुकदेव उभे होते आणि चंचल बाजूला.

"आई, कॉर्नफ्लॉवर संपलं होतं," चंचल म्हणाली. "ग्रेव्ही जाडी होत नव्हती, म्हणून बाबांनी काढून दिलं."

ओट्यावर निळ्या सुतळीने बांधायची पिशवी उघडी पडली होती. सुती साड्यांना घालायला कारखान्यातून आणून ठेवलेलं स्टार्च.

"हाई बी मक्यानंच शे," सुकदेव धुळ्याकडच्या बोलीत म्हणाले. "फरक काय?"

"त्यामा कीडनं औषध शे ना?" मालतीबाईंनी त्याच बोलीत विचारलं.

"चिमूटभर. शिजीसन उडी जास."

कढईत तपकिरी, चकचकीत, थरथरणारा गोळा झाला होता. भाज्या त्यात मेलेल्या किड्यांसारख्या अडकल्या होत्या. डाव उचलला की सगळंच उचललं जायचं आणि थप्पकन खाली पडायचं. सुकदेवांनी मग जन्मभर केलं तेच केलं. दोन बोटं त्या लगद्यात बुडवली, चोळली, हळूच फाकवून तार बघितली, चाटली, आणि पुन्हा आत घातली.

"तार बरोबर शे," ते समाधानाने म्हणाले.

मालतीबाई मोरीकडे धावल्या. पोटात होतं नव्हतं ते सगळं पडलं.

तोंड पुसून आल्या तेव्हा चंचल डाव धरून तशीच उभी होती. "राहू द्या, आई. माझ्या हातचं तुम्हाला जातच नाही. आम्ही वर गॅस घेतो."

"तुझ्या हाताची किळस नाही गं," मालतीबाई म्हणाल्या. "ह्यांच्या पायजम्यांची आहे."

चंचलला काही उमजेना. मग मालतीबाईंनी उभ्या उभ्याच सांगितलं. ती बादली, ते बुळबुळीत लोंबणं, आंबलेला वास, त्याच मोरीत घासलेलं ताट. सांगताना सुद्धा त्या हात पदराला पुसत होत्या.

"इतला वरीस बोलनी नहीं," सुकदेव हळू आवाजात म्हणाले.

"बोलीसन काय? धवनारं दुसरं कोन व्हतं?"

सवयीने सुकदेवांची बोटं पुन्हा कढईच्या काठाशी गेली. चंचलने ते पाहिलं. तिचंही तोंड वाकडं झालं.

"बाबा, चाटलेलं बोट परत आत घालताय तुम्ही. छी. आधी हात धुवा."

"खळ अशीच तपासतंस, पोरी."

"मग माझ्या कढईत नका तपासू."

दोघी सासू-सुना एकाच चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत होत्या. सुकदेव हात धुवायला गेले.

नैवेद्याचं ताट अजून काढलं नव्हतं, तेवढं देवाने वाचवलं. गाईलाही घालू नका, असं बजावून मालतीबाईंनी तो गोळा पिशवीत बांधून कचऱ्यात टाकायला लावला, स्टार्चही त्यातच. कढईला त्यांना चंचलने हात लावू दिला नाही. नाक मुरडत, गरम पाणी ओतत तिनेच ती खरवडली.

"आई, तुमच्यापुरतं मी पीठ न घालता काढत जाईन. नुसतं परतलेलं."

"वेगळं नको काढू. त्याच कढईतलं खाईन मी. पातळ ठेव फक्त, आणि खाताना माझ्याकडे बघू नको."

चंचल कढई पुसत म्हणाली, "वरच्या गॅसचं नको म्हणून मी धर्मेंद्रला सांगते."

मालतीबाईंच्या घशात अजून तीच आंबट चव होती. त्यांनी चूळ भरली, पायांत चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या योगेशच्या दुकानातून कॉर्नफ्लॉवरचं बंद पाकीट आणायला निघाल्या.