एसटीच्या मागची गाणारी गाडी

किस्से जमवायला मुद्दाम कुठे जावं लागत नाही. सांगलीत माधवनगर रोडला सलीमभाईंच्या दुकानासमोर रविवारी सकाळी गाडी लावा आणि बॉनेट उघडा. बॉनेट उघडलं की माणसं जमतात, माणसं जमली की सल्ले सुरू होतात, आणि न मागता दिलेल्या सल्ल्यांचेच पुढे किस्से होतात. सलीमभाई गाड्यांना स्पीकर आणि अँप्लिफायर बसवून देतात. गाडी संध्याकाळी घरी जाते. किस्सा मात्र दुकानातच राहतो आणि पुढच्या रविवारी जरा फुगलेला असतो.

माझं औषधांचं दुकान आहे. बायको सुरेखा नर्स. तिची बदली कोयनानगरला झाली आणि घर एकदम शांत झालं. मला शांतता सोसत नाही. या खोलीतून त्या खोलीत, तिथून गॅलरीत, पायाला भिंगरी लागल्यासारखा मी फिरायचो. शेवटी जुनी गाडी घेतली. शनिवारी तिला आणायचं, सोमवारी सकाळी सोडायचं, एवढ्याचसाठी. आणि नेमकी तीच त्या गाडीत बसेना! माझ्या सगळ्या किस्स्यांचं मूळ हे आहे.

*

आम्हा शौकिनांचं एक खूळ असतं. सिस्टिम नीट जमली की आवाज दारातल्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटत नाही. गाणारी बाई समोर डॅशबोर्डवर, बरोबर मधोमध बसून गातेय असं वाटतं. मी आणि सलीमभाईंनी त्यासाठी कितीतरी रविवार घातले. एकदाची बाई मधोमध बसली. त्या शनिवारी कोयनानगरहून निघाल्याबरोबर सुरेखाला गाणं ऐकवलं.

"बरी गाती," ती म्हणाली.

"ते राहू दे. कुठं बसलीय सांग."

तिने जरा वेळ ऐकलं आणि समोर बोट दाखवलं. "हितं. मधी."

मला इतका आनंद झाला की घाटात गाडी थांबवून सलीमभाईंना फोन लावणार होतो. तेवढ्यात ती म्हणाली, "ती समोर बसलीय, तुमी सारखं तिच्याकडं बघताय. मग मी कुठं बसू?"

पुढच्या शनिवारी ती एसटीने आली. म्हणाली, "आठवडाभराचं बोलायचं असतंय मला. मी तोंड उघडलं की तुमी व्हॉल्यूम वाढवता. त्या बाईला उतरवा, मग मी बसते."

मी काय केलं? डिकीत सबवूफर बसवून घेतला. ती नसताना गाडी फारच रिकामी वाटत होती.

*

सबवूफर म्हणजे छातीत धडधडणारा खालचा आवाज काढणारा मोठा स्पीकर. त्यातला आमचा गुरू म्हणजे पिंट्या. हळदीचा व्यापारी, अंगापिंडाने बारीक, आवाज मात्र सगळा डिकीत. त्याने एवढा मोठा सबवूफर आणला की तो डिकीत मावेना. मग स्टेपनीचं टायर काढून घरी ठेवलं.

व्हायचं तेच झालं. कराडच्या अलीकडे टायर पंक्चर. पिंट्याने घरी फोन केला आणि टायर येईपर्यंत गाणी लावून बसला. टायर येईपर्यंत बॅटरीही उतरली. टायर घेऊन आले ते त्याचे वडील, टेम्पोत पुढे बसून, टायर मांडीवर धरून. त्यांनी डिकीतला तो गोल, काळा सबवूफर बघितला. मग म्हणाले, "ह्यो हाय की एक. ह्योच लाव की."

*

स्पीकर निवडायचा असला की सलीमभाई फळीवर दोन जोड्या जोडून देतात. एक बटण दाबलं की पहिली वाजते, दुसरं दाबलं की दुसरी. एका रविवारी मी त्या दोन बटणांशी दुपारपर्यंत झुंजलो. दुसऱ्या जोडीचा तबला मोकळा होता, गळा गोड होता. पिंट्याला पहिली आवडली. आमची चांगलीच जुंपली. सलीमभाईंनी स्वतः डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "दुसरीच. हिच्यात जान हाय."

मी ती जोडी काढायला सांगितली. सलीमभाई फळीच्या मागे गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

"काय झालं?"

"काय न्हाई," मागून आवाज आला. "दुसरीची वायर मीच सकाळी काढून ठेवली होती. दोनी बटणं पहिलीलाच हायत."

पिंट्या म्हणाला, "मग मी बरोबर हुतो." मी म्हणालो, "मी पण." तिघांनी चहा मागवला.

*

नवी सिस्टिम बसली की गाडीतलं काही ना काही थरथरायला लागतं. त्याला आमच्यात खडखड म्हणतात, आणि खडखड शोधायची रीत ठरलेली आहे. एकच जाड सूर लावून ठेवायचा आणि प्रत्येकाने गाडीचा एकेक भाग घट्ट दाबून धरायचा. ज्याच्या हाताखाली आवाज बंद होईल, त्याच्याकडे खडखड.

माझ्या गाडीची शोधत होतो. पिंट्या टपावर पालथा, मी डिकीला मिठी मारलेली, सलीमभाई दाराला गाल लावून. ट्रॅफिकचा हवालदार थांबला.

"काय झालंय गाडीला?"

"खडखडतीय साहेब."

तो जरा वेळ बघत राहिला. "गॅरेजला न्या. असं पोटाशी धरून बरी हुणार हाय व्हय?"

शेवटी खडखड सलीमभाईंना सापडली. डाव्या दाराच्या खणात पत्र्याची छोटी डबी होती, सुरेखाची, सेफ्टी पिनांची.

"ठेवू काढून?"

"राहू दे," मी म्हणालो. पिंट्या मला वेड्यात काढत होता. मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

*

आमच्यातले वडीलधारे म्हणजे उत्तमराव सुभेदार. फलटणकडचे, तोफखान्यातून रिटायर झालेले. तोफांनी त्यांचा उजवा कान नेला. पण गाडीत उजव्या बाजूचा स्पीकरही डाव्याइतकाच भारी पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

पिंट्या म्हणाला, "आवं सुभेदार, त्या बाजूनं तुमाला ऐकू येत न्हाई. मग कशाला?"

"गड्या, एका पायावर परेड हुत न्हाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझं ठीक हाय. कान गेला म्हणून मी आवाज वाढवतो. तुझं तर दोनी कान धड हायत. तू कुणाचं ऐकायला नगं म्हणून वाढवतोस रं?"

माझा चहा तसाच राहिला. मी उठून उगाच वायरी बघत बसलो.

*

एवढं होऊनही शनिवार आला की घरात पाय ठरायचा नाही. ती एसटीने येणार हे ठाऊक असूनही मी गाडी घेऊन कोयनानगर गाठायचो. तिच्या क्वार्टरसमोर गाणं लावून उभा राहायचो. ती बाहेर यायची, चहाचा कप हातात द्यायची, कप परत घ्यायची आणि पिशवी घेऊन स्टँडकडे चालू लागायची. मग एसटी पुढे आणि मी मागे. तिने हात केला तर आपण जवळ असावं, एवढाच हिशोब. कराडला ती सांगलीची गाडी पकडायची. मी तिच्याही मागे.

एकदा कंडक्टरने तिलाच विचारलं. "बाई, पाटणपासनं एक गाडी आपल्या मागं हाय. गाणी वाजवतीय, पण ओव्हरटेक करंना. काय भानगड हाय?"

सुरेखाने मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाली, "वळखीचे हायत. येऊ द्यात."

*

शेवटी एका शनिवारी सकाळी मी सलीमभाईंकडून सबवूफर काढून घेतला. स्टिरिओची वायरसुद्धा. सुभेदारांचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. आज तिला म्हणायचं, बाई उतरवली, आता तू बस, आणि बोल. पण कोयनानगर जवळ आलं तशी छाती धडधडायला लागली. ती नाही म्हणाली तर? शब्द जुळवायला म्हणून अलीकडच्या टपरीवर थांबलो.

चहा ओठाला लावला आणि बसलो होतो ते बाकडं हललं. टपरीवाला शांतपणे म्हणाला, "हालला." तिकडे धक्के नवे नाहीत. पण हा थांबेना. मग त्यानेही हातातलं भांडं खाली ठेवलं आणि बाहेर आला. "आज जरा मोठा हाय," तो म्हणाला.

सुरेखाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. तसाच गाडीत बसलो. वळणं कशी घेतली ते मला सांगता येणार नाही.

सगळी कॉलनी मैदानात होती. म्हातारी माणसं खुर्च्यांवर, कुणाच्या हातात टीव्हीचा रिमोट, कुणाचं तोंड अजून साबणाने भरलेलं. मी प्रत्येक चेहरा बघितला. सुरेखा नव्हती. दवाखान्याच्या बायकांत बघितलं, तिथेही नव्हती. मला जगातला एकही स्पीकर नको होता. मी तिच्या क्वार्टरकडे पळत सुटलो.

दार उघडंच होतं. आत गॅस चालू होता, ओट्यावर दोन कप मांडलेले होते, आणि सुरेखा पाठमोरी उभी राहून चहा ढवळत होती.

"झालं का ऐकून?" वळून न बघताच ती म्हणाली. "कवापासनं बाहेर गाडीतच बसलाय. चहा दुसऱ्यांदा गरम करतीय मी."

"बाई उतरवली," एवढंच मी म्हणालो. तिने गॅस बंद केला आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"ही गाडीत ठेवा. असं काय बघताय? मगाशी फळीवरची भांडी वाजली, तवाच चहा ठेवला. शेजारची बाई बोंबलत आली, बाहेर या, भूकंप झाला. म्हणलं, भूकंप न्हवं ओ. आमचं ह्ये आल्यात."