हसनचाचा परत कराचीला कसे गेले

हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही. पिंपरीच्या आमच्या चाळीत कुणाचं लग्न मोडलं, कुणाला कंपनीतून काढलं, सगळं आधी मला कळतं आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांना. तरी हे एवढं राहिलं. का राहिलं? — सांगते.

शेजारी राबिया राहते. तिचा नवरा स्कूटर दुरुस्त करतो. तिचे वडील, हसनचाचा, मूळचे चाकणकडचे. तरुणपणी कराचीच्या गोदीत कामाला गेले, मध्येच देश तुटला आणि तिकडेच अडकले, बायको-मुलगी इकडे. आणीबाणीच्या सुमारास तिकडच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मुलीला भेटायला आले. व्हिसा संपला, पण परत गेले नाहीत. कोण जाईल? सगळ्या चाळीला माहीत होतं आणि सगळे गप्प होते. मीसुद्धा — माझ्या मानाने हा पराक्रमच.

चाचांची बोली अशी गावरान, की माझंच मराठी परकं वाटावं. माझ्या भाकरीला म्हणायचे, "पोरी, ही भाकर न्हाई, टायर हाय. जावयाच्या दुकानात दे." आणि दुसरी मागायचे.

एका दुपारी साध्या कपड्यातला पोलीस सायकलवरून आला. पुरुष कामावर, राबिया दळणाला गेलेली. चाचा ओट्यावर कांदे निवडत होते, मी पलीकडे धुणं वाळत घालत होते. त्याने विचारलं कुणाला? — चाचांनाच. इथे कुणी पाकिस्तानी राहतो का म्हणून.

चाचांनी डोकं खाजवलं. "पाकिस्तानी? न्हाई बा. हितं समदी घरंदाज मान्सं हायती."

वर त्याला पाणी पाजलं, टिकाऊ कांदा कसा ओळखायचा ते शिकवलं. पोलिसाची खात्री पटली. त्याने सायकलला टांग मारली आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांना तर काय विचारायचं! बायांना काय माहीत असतंय?"

मला? — मला माहीत नसतं?

"अहो, तुम्हाला पाणी पाजलं तेच की कराचीचे!"

तोंडातून निसटलं, असं म्हणायची सोय नाही. चांगलं कमरेवर हात ठेवून, ठासून म्हणाले.

पोलीस खाली उतरला. बिचाऱ्याने सायकल भिंतीला टेकवली आणि खिशातून वही काढली. चाचा हसले. "आता तूच म्हंतीस तर असंल, पोरी," म्हणाले आणि उरलेले कांदे निवडायला लागले.

राबियाने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, उपयोग झाला नाही. चाचांना सरहद्दीपलीकडे धाडलं. जाईपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मग चुगली केली कुणी? चाळीने ठरवलं — कोपऱ्यावरच्या किराणावाल्या लछमनशेटने. तो सिंधी, फाळणीत कराचीचं घर टाकून इथल्या निर्वासितांच्या छावणीत आलेला. राग असणारच, नाही का? खरं तर तो रोज चाचांजवळ बसून आपल्या जुन्या गल्लीची चौकशी करायचा. पुणे स्टेशनवर निरोप द्यायलाही गेला, शेवेचं पुडकं घेऊन. लोक म्हणाले, मन खातंय त्याला.

लोक म्हणजे कोण? — आधी मीच म्हणाले. मग लोक.

चाळीने त्याच्याकडून माल घेणं बंद केलं. मी तर पावशेर साखरेसाठी चिंचवडपर्यंत चालत जायचे, तत्त्व म्हणून. शेवटी त्याने दुकान हलवलं. कुठे नेलं, ते मात्र मला खरंच माहीत नाही.

चाचा तिकडेच वारले. परवा ईदला राबिया शिरखुर्मा घेऊन आली. म्हणाली, "ताई, अब्बांना नेलं तेव्हा एक तुम्हीच माझ्या पाठीशी होतात."

मी वाटी घेतली. बदाम वेचून आधी खाल्ले.