पंपाचं उघडं झाकण

माझी सून इंजिनिअरिंगच्या पोरांना लिहायला शिकवते. कविताबिविता नाही. यंत्र कसं चालवायचं हे असं लिहायचं की, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही वाचून जमावं. तिची परीक्षाही तशीच. पोरांचा कागद अडाण्याच्या हाती द्यायचा. त्याने लिहिलंय तेवढंच करायचं, पदरची अक्कल लावायची नाही. तिची ठरलेली अडाणी म्हणजे मी. चौथीत शाळा सुटली, पण अक्षराला अक्षर लावून वाचते.

तिच्या विभागप्रमुखाला पोरं पाठीमागे ‘भोंगा’ म्हणतात. त्याने भर बैठकीत हिला सुनावलं, “लिहायला काय शिकवायचं, बाई? हात आहे तो लिहितो. पुढच्या वर्षी तुमचा विषय बंद.”

बारा वर्षं वाढवलेला विषय! घरी येऊन ती कांदा चिरत बसली.

“रडतेस काय गं?”

“कांदा आहे, आई. रडायची पाळी दुसऱ्याची.”

मलाही झोंबलं होतं. माझ्या सुनेला मी वाट्टेल ते बोलेन, त्याने का बोलावं?

प्रयोगशाळेतल्या पंपावर भोंग्याने स्वतः लिहिलेल्या सूचना चिकटवल्या होत्या, खाली लफ्फेदार सही. त्यात एक पायरी राहिलीय, असं हिने दोनदा लेखी कळवलं. दोन्ही कागद त्याने टोपलीत टाकले.

परीक्षेच्या दिवशी प्राचार्य आले. पोरांचे कागद झाल्यावर सून साखर पेरत म्हणाली, “आता नमुना म्हणून आपल्या सरांचा.” भोंगा फुशारून पंपाला खेटून उभा राहिला.

“वरचं झाकण काढा,” मी मोठ्याने वाचलं. काढलं. “आत पाणी भरा.” भरलं. “बटण दाबा.”

झाकण परत लावायचं असतं हे मला का कळत नाही? उभा जन्म बरण्या झाकण्यात गेला. पण अक्कल लावायची नाही, हा नियम. दाबलं बटण.

कारंजं थेट भोंग्याच्या तोंडावर!

“आजी, झाकण कोण लावणार?” भोंगा ओरडला.

“लिहिलं नाहीस ना, बाळा.”

प्राचार्यांनी सही पाहिली, हसू गिळलं. “विषय चालू राहील. आणि या सूचना बाईंकडून तपासून घ्या.”

आता दर सोमवारी भोंगा नवा कागद घेऊन सुनेच्या टेबलापाशी उभा असतो. चारदा परत केलाय तिने. परवा मी विचारलं, “अजून चुकतोच का गं?”

“दुसऱ्या वेळेलाच बरोबर होता, आई.”

“मग अजून दोनदा तरी परत कर,” मी म्हटलं.