चिकपेटच्या गच्चीवरचं कांदळ

बाबा मालवणकडून औषधपाण्यासाठी माझ्याकडे बंगळूरला आले, ते ओल्या गोणपाटात कांदळाच्या शेंगा गुंडाळूनच. आमच्या खाडीकाठचं कांदळाचं रान लोकांनी चुलीसाठी तोडलं, मग उधाणाने बांध फुटून भातशेतात खारं पाणी शिरलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात बाबा काठच्या चिखलात शेंगा खोचत. त्या वर्षी छातीच्या दुखण्याने धरलं, तर म्हणे, बरा होऊन जाईन आणि लावीन. हट्टी माणूस, कोणाचं ऐकेल तर शपथ.

चिकपेटमध्ये खाली आमचं कापडाचं दुकान, वर घर, त्यावर गच्ची. तिथे दोन बादल्यांत चिखल कालवून शेंगा उभ्या केल्या. मी पाण्यात मीठ घालायचं, बाबांनी बोट बुडवून चाखायचं. "आणखी स्वल्प," ते माझ्यासारखं कानडी बोलून मला चिडवायचे. शेजारच्या अक्कांना त्या शेवग्याच्या शेंगा वाटल्या. "सांबार कधी करणार?" त्यांनी विचारलं. बाबा खोकला येईपर्यंत हसले.

शेंगा लावायच्या अष्टमीच्या भांगाला. तेव्हा भरती मंद असते, शेंग वाहून जात नाही. दर अष्टमीला बाबा म्हणत, "पुढच्या भांगाला जातो." डॉक्टर प्रवासाचं नावच काढू देत नव्हते. आषाढ गेला, श्रावण गेला. शेंगांना पानं फुटली तेव्हा मला कोण आनंद झाला.

भाद्रपदात बाबा गेले. अस्थी खाडीत सोडायला न्याव्यात म्हणून माझा दादा गावाहून आला. मी बादल्या त्याच्यापुढे ठेवल्या. "ही रोपंही ने. बाबांची जागा तुला ठाऊक आहे."

तो खाली बघत म्हणाला, "तो काठ राहिला नाही. कोळंबीच्या तळ्यासाठी सगळा उकरला. बाबा इकडे आले त्याच महिन्यात."

तेव्हा किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांचं पेवच फुटलं होतं. तरी माझं डोकं फिरलं. "आणि तू मिठाची गुळणी धरून बसलास? तो माणूस इथे अष्टम्या मोजत होता."

"बाबांना मी तेव्हाच फोनवर सांगितलं होतं," दादा म्हणाला. "तुला सांगायचं नाही, असं त्यांनीच बजावलं. म्हणाले, बापाला बरा करून घरी धाडायचं म्हणून पोर रोज पाण्यात मीठ घालते. घालू दे तिला."

तो अस्थी घेऊन गेला आणि मी गच्चीवर जाऊन पोटभर रडले. त्या दिवशीचं मीठ घालायचं राहिलं होतं. ते घातलं आणि पाणी स्वतःच चाखलं. किती खारट हवं, ते मी बाबांना कधी विचारलंच नव्हतं.