जावयाचा ब्लॅक बेल्ट आणि देवीचा कोंबडा

माझ्याकडे कराटेचा ब्लॅक बेल्ट आहे आणि मी एका कोंबड्याकडून हरलेलो आहे. पहिल्या गोष्टीचं प्रमाणपत्र फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावलं आहे. दुसरीला प्रमाणपत्र नाही, पण माझ्या सासुरवाडीची अख्खी आळी साक्षीला उभी राहील, आणि तीही हसत हसत.

पनवेलला मी एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये कराटेचे क्लास घ्यायचो. (लग्नसराईत सुट्टी. एकदा चुकून क्लास चालू ठेवला, तर वऱ्हाडी मंडळी माझ्या पांढऱ्या पोशाखातल्या विद्यार्थ्यांना वाढपी समजून मठ्ठा मागायला लागली.) तिथे वैशाली शिकायला आली. तिचं गाव पनवेलहून उरणच्या वाटेवर. नोकरीवरून परतायला तिला अंधार व्हायचा, गावाभोवती इमारतींची कामं निघालेली, परकी माणसं वाढलेली. कोणी हात धरला तर पोरीला सोडवता यावा, म्हणून तिच्या बाबांनी, म्हणजे हिराजीशेठनी, स्वतः तिला माझ्याकडे आणून सोडलं होतं. पोरगी हुशार. मनगट सोडवायचा डाव ती माझ्यापेक्षा सफाईने करायला लागली. पुढे तिनं माझाच हात धरला आणि आम्ही रजिस्टर लग्न केलं.

बाबा भांडले नाहीत. आदळआपट नाही, शिवीगाळ नाही. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. वैशाली दर रविवारी आईला फोन लावायची तेव्हा मागे झोपाळ्याची कुरकुर ऐकू यायची. बाबा तिथेच बसलेले असायचे, पण फोन घ्यायचे नाहीत. मग ही मुद्दाम मोठ्या आवाजात बोलायची. "आई, मला ऑफिसात बढती मिळाली", "आई, माझा ताप उतरला आता". आई फोनला कान लावून असताना एवढं ओरडायचं कारण मला ठाऊक होतं. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भांडी घासत बसायची, घासलेली भांडीसुद्धा.

अशी दीड-दोन वर्षं गेली आणि एका आषाढात सासूबाईंचा निरोप आला. "श्रावण लागायच्या आधी जावयाला घेऊन ये. ते बोलले." 'ते' कोणापाशी बोलले, काय बोलले, ते कळलं नाही, पण वैशालीने त्याच संध्याकाळी बॅग भरली. मला म्हणाली, "हे बघ, तिथे गेल्यावर शहाणपणा करू नकोस. बाबा माझ्याशी एक शब्द बोलले तरी मला पुरे आहे." मी म्हटलं, "मी कशाला शहाणपणा करू?" माझ्या आयुष्यातली सगळी संकटं मी याच वाक्याने सुरू केली आहेत.

सासुरवाडीचा बंगला दुमजली. खाली संगमरवर, वर गच्ची, गाडी ठेवायला ऐसपैस जागा, आणि त्या जागेत गाडीऐवजी कोंबड्या. बाबा ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. आम्ही वाकून नमस्कार केला. त्यांनी आमच्या डोक्यावरून पागोळ्यांकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "पाय धुवाला पानी दे त्यांना." 'त्यांना' म्हणजे आम्हाला. वैशालीचा चेहरा पाहवेना.

आता त्या घरची रीत अशी की आषाढात जावई आला की त्याच्या मानाचा गावठी कोंबडा. दुकानातून आणलेला चालत नाही, घरचाच हवा. आमच्या घरी कोंबडी काळ्या पिशवीतून येते. पिसं असलेली कोंबडी मी तोवर चित्रातच नीट पाहिली होती. कोंबडा पकडायचं काम माझ्या मेव्हण्याचं, पण तो नेमका कामावरून यायचा होता.

"आता कोन पकरनार?" सासूबाई म्हणाल्या.

"हे पकडतील," वैशाली म्हणाली. "ब्लॅक बेल्ट आहेत."

हे ती मला उद्देशून नव्हे, झोपाळ्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलली. झोपाळा थांबला. लग्नानंतर पहिल्यांदाच बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत, बैलबाजारात पाहतात तसं. त्या नजरेपुढे 'मला जमणार नाही' म्हणण्याची हिंमत शिकवणारा क्लास अजून निघायचा आहे.

मी बाह्या सरसावून मागच्या दारी गेलो. सासूबाईंनी तांबडा कोंबडा दाखवला. मी पाय फाकवून, गुडघे वाकवून, मुठी कमरेला लावून उभा राहिलो. कोंबड्याने एक डोळा माझ्यावर ठेवला आणि दुसऱ्याने किडा शोधून खाल्ला.

कराटेत समोरचा माणूस आधी वाकून नमस्कार करतो. मग तो तुमच्यासमोर उभा राहतो, पळून जात नाही. त्याला दोन हात, दोन पाय असतात आणि ते कुठून येणार याचा अंदाज बांधता येतो. जमीन कोरडी असते. मुख्य म्हणजे तो माणूस तुमच्या दोन पायांमधून आरपार जात नाही! माझी पहिली झडप चिखलात गेली. दुसरी शेवग्याच्या खोडावर. तिसऱ्या वेळी मी पोटातून ती मोठी आरोळी काढली, जिने माझे विद्यार्थी दचकतात. त्यावर कोंबडा अजिबात दचकला नाही, पण शेजारची सगळी मंडळी कुंपणाशी गोळा झाली.

"काय झाला गो?" शेजारच्या बेबीकाकूंनी विचारलं.

"जावई कोंबरा पकरतान," सासूबाई म्हणाल्या.

"ओरडून?"

"कराटेची पद्धत हाय ती," सासूबाईंनी माझी बाजू घेतली. बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

पुढची पंधरा-वीस मिनिटं मी जे केलं त्याला कुठल्याही मार्शल आर्टमध्ये नाव नाही. नवी पॅन्ट गुडघ्यात फाटली. कुंपणावरून सूचना येत होत्या. "डावीकरं जा", "टॉवेल टाका", "दाने दाखवा जरा". पण काळा पट्टा बांधलेल्या माणसाने दाणे कसे दाखवायचे? वैशाली दारात उभी राहून हसू दाबत होती. तिच्यामागे बाबाही येऊन उभे होते. ते हसत नव्हते.

धापा टाकत मी भिंतीला टेकलो आणि तेवढ्यात मला कोपऱ्यात पालथं घातलेलं मोठं डालगं दिसलं, बांबूच्या कामट्यांचं. आत एक काळाभोर, डौलदार कोंबडा शांत बसलेला. पकडलेला, डालून ठेवलेला, आयता! इतका वेळ मी ज्याच्यासाठी लोळत होतो तो माल इथे तयार होता आणि कोणी मला सांगितलंही नव्हतं. त्याच्या डोक्याला कुंकू लावलेलं होतं. मला वाटलं, जावयाच्या मानाचा आहे, म्हणून नटवला असेल. (कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. माझ्या डोक्यात मात्र काही म्हणता काही फुटलं नाही.) मी विजयी मुद्रेने डालगं उचललं.

"अवो जावई, तो नको, तो देवीचा हाय!"

सासूबाईंचं वाक्य पुरं होईपर्यंत काळा कोंबडा माझ्या खांद्यावर पाय देऊन कुंपणापलीकडे गेला होता. कुंपणावरची मंडळी एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्यावरूनच मला समजलं की आता हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलेलं नाही.

"देवीचा म्हणजे?" वैशालीने विचारलं.

सासूबाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी तोंड फिरवलं. मग त्याच बोलल्या. "तू गेलीस ना, त्या आठवड्यातच यांनी गावदेवीला नवस बोलला. पोर सुखानं नांदूं दे, जावयाला घेऊन उंबऱ्यात येऊं दे, घरचा कोंबरा देईन. तवापासून यांनी तो आपल्या हातानं वाढवला. कोनाला हात लावून दिला नाय. उद्या सकाली तुमा दोघांना घेऊन तो देवीपुढं न्यायचा व्हता."

वैशाली पायरीवर खाली बसली. तिला फक्त एक शब्द हवा होता आणि इथे बाबांनी तिच्यासाठी एक अख्खा कोंबडा वाढवला होता, रोज दाणे घालून, कोणाला न सांगता. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. बाबा तिच्या शेजारून पायरी उतरले. त्यांनी छत्री उचलली आणि कोंबड्याच्या दिशेने निघाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. नवसाचा कोंबडा हरवणं म्हणजे काय, हे मलाही त्या चेहऱ्यावरून कळलं. मी त्यांच्या आधी धावत सुटलो.

कुंपणापलीकडे एका इमारतीचं काम अर्धवट पडलं होतं. सळया, खडी, चिखल. काळा कोंबडा खडीच्या ढिगावर एकदा दिसला, मग दिसेनासा झाला. मी ढिगाला वळसा घातला आणि समोर कुत्रा. कोंबड्यामागे धावणाऱ्या, चिखलाने माखलेल्या, फाटक्या पॅन्टच्या माणसाबद्दल कुत्र्याने जे मत बनवायला हवं तेच त्याने बनवलं. कुत्रा आला तर खाली बसायचं, डोळ्यांत बघायचं नाही, हे मी पालकांच्या सभेत स्वतः सांगितलेलं आहे. पण सांगणारा मी तेव्हा कुठेतरी वेगळाच होतो. मी काँक्रीटच्या मिक्सरवर चढून बसलो.

तेवढ्यात बाबा छत्री घेऊन आले. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हाड्," ते म्हणाले.

कुत्रा निघून गेला. तो शब्द कुत्र्यासाठी होता याबद्दल मला नव्वद टक्के खात्री आहे. तरीही लग्नानंतर सासऱ्यांनी माझ्याकडे पाहून उच्चारलेला तो पहिलाच शब्द, म्हणून मी तो मनात जपून ठेवला.

"उतरा," ते म्हणाले. हा नक्की माझ्यासाठी होता. मी उतरलो. "लागला काय कुठं?"

"नाही, बाबा. चुकलं माझं. मी कोंबडा शोधून आणतो, रात्रभर शोधतो हवं तर."

त्यांनी छत्री अर्धी माझ्या डोक्यावर धरली. पाऊस बारीक होता, पण धरली. मग समोरच्या खडीकडे पाहत म्हणाले, "पोरीला तुमच्याकरं शिकवाला मी घातली व्हती. कोनी हात धरला तर सोरवता यावा म्हनून."

"हो, बाबा."

"मग तुमचा हात का नाय सोरवला तिनं?"

मी खरं तेच सांगितलं. "मी घट्ट धरलाच नव्हता, बाबा. तिनं धरला होता."

बाबांच्या मिशा किंचित हलल्या. मी नीट पाहिलं, हलल्या होत्या. "तशीच हाय ती," ते म्हणाले. "लहानपनापासून. धरला की सोरत नाय."

"आणि कोंबडा?"

"त्याला काय शोधायचा? सांज झाली की घरचा जनावर घराला येतंय." पण हे बोलताना त्यांची पावलं भराभर पडायला लागली.

आम्ही मागच्या दारी पोचलो. वैशाली पायरीवर तशीच बसली होती आणि तिच्या मांडीवर, पदराखाली, तो काळा कोंबडा. तो आपणहून आला होता, डालगं शोधत. तिनं नुसता पदर पुढे केला होता. तिचे डोळे सुजलेले, कोंबडा अर्धवट झोपेत. बाबा तिच्यासमोर उभे राहिले. छत्री मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली.

"जेवलीस काय?" शेवटी ते म्हणाले.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

"मग चल. तुझ्यासंगती मीपन जेवतो."

एवढंच झालं. माझ्याकडे मात्र पाहू नका, मी तेव्हा गुडघ्याला काही लागलंय का हे फार लक्ष देऊन तपासत होतो. तांबडा कोंबडा शेवटपर्यंत कोणाच्या हाती लागला नाही, आणि त्या रात्री जावयाच्या मानाचं जेवण म्हणून मला सुके बोंबील मिळाले. एवढे चवदार बोंबील मी पुन्हा खाल्ले नाहीत. झोपाळ्यावर बाप-लेक बसून बोलत होते आणि मी आत पडून ती कुरकुर ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंघोळी करून गावदेवीच्या देवळात गेलो. गुरवाने विचारलं, "हिराजीशेठ, पावना कोन?"

बाबांनी छाती फुगवली. "आमचे जावई. पनवेलला कराटे शिकवतान. ब्लॅक बेल्ट हायत." माझी मान आपोआप ताठ झाली. वैशालीने माझा हात दाबला.

"वा," गुरव म्हणाला. "मग द्या, जावयाच्या हातात द्या कोंबरा."

बाबांनी कोंबडा दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरला आणि एक पाऊल मागे सरले. "जावई चांगले हायत," ते म्हणाले, "पन कोंबरा पोरीच्या हातात देतो."